राजवाड्यातली सुभद्रा सुखरूप आहे; घरातलीचे काय?

बडोद्यातले जुने वाडे एकेक करून उतरत आहेत. दांडिया बाजार असो, रावपुरा असो की बाबाजीपुरा. लाकडी खांब आणि नक्षीच्या तुळया ट्रकात चढतात आणि त्या जागी चार-पाच मजली इमारत उभी राहते. घरांची गरज खरी आहे. त्याबद्दल कुणाला दोष द्यायचे कारण नाही.

पण वाडा रिकामा होताना सगळ्यात शेवटी, घाईघाईत, माळ्यावरून काही तसबिरी खाली येतात. काच तडकलेली, मागची फळी वाळवीने पोखरलेली. आत कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला. अर्जुनाजवळ लाजून उभी असलेली सुभद्रा. हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती. आपण त्यांच्याकडे पाहतो आणि म्हणतो, "आता हे कुठे ठेवायचे?" मग चौकटीचे सागवान कुणीतरी विकत घेतो, काच वेगळी होते आणि कागद रद्दीत जातो.

त्या कागदाबरोबर काय जाते आहे, हे आपण सगळ्यांनी मिळून एकदा नीट पाहायला हवे. कारण अजून वेळ गेलेली नाही. पुष्कळ तसबिरी अजून घरांत आहेत. त्या वाचवणे आपल्याच हातात आहे.

या तसबिरी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापली जाऊ लागलेली, नाटकांतल्या आणि पुराणांतल्या पात्रांची रंगीत शिळाछाप चित्रे. त्यांची गोष्ट पुण्या-मुंबईइतकीच बडोद्याची आहे.

सर टी. माधवराव हे १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. राजा रविवर्म्यांच्या चित्रांना इतकी मागणी होती की एका हाताने ती पुरी होणे शक्यच नव्हते. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असे माधवरावांनीच रविवर्म्यांना सुचवले. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे काढवून घेतली. १८९० मध्ये ती बडोद्यात आली. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, शंतनू-गंगा. राजवाड्यात टांगण्याआधी ती लोकांना पाहता आली आणि लोकांनी ती पाहायला गर्दी केली. सामान्य माणसाला ही चित्रे हवी आहेत, हे त्या गर्दीने दाखवून दिले.

चार वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी मुंबईत आपला छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. तिथून बाहेर पडलेले पहिले चित्र होते शकुंतलेच्या जन्माचे. मुंबईत प्लेगचा कहर सुरू झाल्यावर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, पण चित्रे निघतच राहिली. अनेक तसबिरींच्या तळाशी आजही कार्ला-लोणावळ्याच्या रविवर्मा प्रेसचे नाव वाचता येते.

आता रंगभूमीकडे पाहू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आले. १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' आले. त्याच सुमारास एक तरुण गायक किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि त्याने शकुंतला आणि सुभद्रा उभ्या महाराष्ट्राच्या लाडक्या केल्या. तो तरुण होता आपल्या बडोद्याचा. भाऊराव कोल्हटकर.

सौभद्र आले १८८२ मध्ये. रविवर्म्यांची अर्जुन-सुभद्रा बडोद्यात आली १८९० मध्ये. मधल्या आठ वर्षांत सुभद्रेची पदे घरोघरी गुणगुणली गेली होती. म्हणून चित्रातली सुभद्रा आपल्या माणसांना परकी वाटलीच नाही. ती नऊवारीत होती, ओळखीच्या दागिन्यांत होती, आणि रंगमंचावर नायिका उभी राहावी तशी उभी होती.

या चित्रांकडे नीट पाहिले की नाटकाची छाप लगेच कळते. मागे रंगवलेल्या पडद्यासारखे रान किंवा महाल. पुढे, अगदी प्रेक्षकांसमोर, दोन किंवा तीन पात्रे. ऐन प्रसंगात थांबलेला एक हात, वळलेली एक मान. ही अमुक एका नटाची किंवा अमुक एका प्रयोगाची चित्रे नाहीत, हे खरे. पण कालिदासाची शकुंतला आणि 'मृच्छकटिका'तली वसंतसेना मंचावर ज्या रूपात उभी राहत, त्या रूपाची कल्पना ज्या काळाने घडवली, त्याच काळाने ही चित्रेही घडवली.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. रविवर्म्यांनी 'कीचक-सैरंध्री' रंगवले १८९० मध्ये. त्याच कथेवरचे खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले १९०७ मध्ये, आणि इंग्रज सरकार त्याला इतके घाबरले की १९१० मध्ये त्यावर बंदी आली. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यात त्यांनी काम केले, आणि १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. नाटक, तसबीर आणि चित्रपट असा हा एकच प्रवाह आहे. त्याचे मधले वळण आपल्या भिंतींवर टांगलेले होते.

हे वाचवायचे कशासाठी, असे कुणी विचारले तर पहिले उत्तर भाऊरावांकडे आहे. ते १९०१ मध्ये गेले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू झाला १९०२ मध्ये. त्यांचा आवाज आपल्यापाशी नाही. त्या काळच्या संगीत नाटकांच्या संहिता आहेत, आठवणी आहेत, थोडी करडी छायाचित्रे आहेत. पण त्या पिढीच्या डोळ्यांसमोर शकुंतलेच्या वस्त्राचा रंग कोणता होता, सुभद्रेचे दागिने कसे चमकत होते, हे रंगांत सांगणारी साक्ष फार थोडी उरली आहे. या तसबिरी त्या साक्षीतला मोठा भाग आहेत.

दुसरे उत्तर त्यांच्या किमतीत आहे. तैलचित्र राजाला परवडत होते. छापील चित्र कारकुनाला, शिक्षकाला, भिक्षुकाला, दुकानदाराला परवडले. ज्या बायकांना नाटकगृहात जायची सहज मुभा नव्हती, त्यांनी शकुंतलेला पहिल्यांदा पाहिले ते दिवाणखान्यातल्या काचेमागे. कित्येकींनी तिला जरी आणि टिकल्या लावून सजवले. सुभद्रेच्या शालूचे काठ खऱ्या जरीचे केले, कानांत बारीक मणी जडवले. अशी सजवलेली तसबीर म्हणजे छापखान्याने आणि घरातल्या बाईने मिळून घडवलेली कलाकृती. तिची दुसरी प्रत जगात असूच शकत नाही.

तिसरे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे. मूळ तैलचित्रांची काळजी घेणारे आहेत. गायकवाड घराण्याचा संग्रह लक्ष्मीविलास राजवाड्यात आणि त्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जपलेला आहे. रविवर्म्यांच्या कलाकृतींना १९७९ पासून राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. राजवाड्यातली सुभद्रा सुखरूप आहे. छापील सुभद्रा मात्र मुळातच घरासाठी जन्मली. तिचे संग्रहालय म्हणजे आपले घर, आणि तिचे रखवालदार आपण. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. त्यानंतर तर घराघरांतल्या प्रतींवरची जबाबदारी आणखी वाढली.

जपान्यांनी ही जबाबदारी वेळेवर ओळखली. काबुकी नटांची लाकडी ठशांनी छापलेली चित्रे तिथेही स्वस्त होती. नाटकवेडे लोक ती हौसेने विकत घेत. आज टोकियोच्या वासेदा विद्यापीठात १९२८ मध्ये उभ्या राहिलेल्या त्सुबोउची स्मारक नाट्यसंग्रहालयात अशी चाळीस हजारांहून अधिक चित्रे आहेत. कोणत्या नटाने कोणती भूमिका कशी केली, हे अभ्यासक त्यांवरून सांगतात. स्वस्त कागद जपला म्हणून त्यांच्या रंगभूमीचा इतिहास डोळ्यांना दिसतो.

आपल्याला हे न जमण्याचे काही कारण नाही. उलट, बडोद्याकडे जे आहे ते फार थोड्या शहरांकडे असेल. सयाजीबागेतले संग्रहालय आणि चित्रसंग्रहालय आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० पासून आहे. वस्तुसंग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण देशात त्याच विभागाने सुरू केले. मराठी वाङ्मय परिषद आहे. २०१८ मध्ये एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपण याच शहरात भरवले. ज्यांनी संमेलनाचा मांडव उभा केला, त्यांना घरोघरच्या तसबिरींची यादी करणे अवघड जाऊ नये.

मग सुरुवात कुठून करायची? आपल्याच घरापासून.

पहिले काम शोधण्याचे. माळा, ट्रंक, कपाटाची मागची बाजू, देवघराची वरची फळी पाहू या. तसबीर सापडली की तळाशी छापखान्याचे नाव आहे का ते वाचू या. पुष्कळदा फ्रेममध्ये बसवताना कडा कापल्या जातात आणि नाव जाते, म्हणून नाव नसले तरी निराश व्हायचे नाही. भिंग घेऊन रंगाकडे पाहावे. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके एका साच्यातल्यासारखे, ओळीने आणि सारख्या अंतरावर दिसतात. शिळाछापात दगडावर हाताने उमटवलेले ठिपके आणि रवे अनियमित असतात, कारण प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि एकाच कागदावर ते सगळे रंग एकामागून एक चढत. पुष्कळ चित्रांवर व्हार्निशची चमकही असते, आता थोडी पिवळी पडलेली.

दुसरे काम नोंदीचे, आणि याला एक पैसाही लागत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइलवर पुढून आणि मागून फोटो काढू या. शेजारी मोजपट्टी ठेवू या. मागच्या पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याचे लेबल असेल तर त्याचाही फोटो घेऊ या. त्या लेबलावरून तसबीर कोणत्या पेठेत, कोणत्या काळात बसवली ते कळू शकते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसू या. आजी, ही कुठे टांगलेली होती? कुणी आणली? जरीकाम कुणाचे? या चित्राकडे पाहून घरात कोणते पद म्हणत? ही उत्तरे आज मिळतील. दहा वर्षांनी ती सांगणारे कुणी नसेल.

तिसरे काम जपणुकीचे. त्या काळचा बराचसा कागद आम्लामुळे आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. मागे लाकडी फळी असेल तर तिच्या फटींचे तपकिरी पट्टे चित्रावर उमटतात. म्हणून आम्लविरहित पुठ्ठा वापरून, चित्र काचेला टेकणार नाही अशा बेताने नवी चौकट करून घेऊ या. बाहेरच्या भिंतीला ओल येते; तिथे तसबीर नको. थेट ऊन नको. उदबत्तीच्या धुराजवळ नको. चौकटीच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की भिंतीत आणि तसबिरीत हवा खेळते, ओल धरत नाही, कसरही लागत नाही.

काय करायचे नाही, हेही तितकेच पक्के ठरवू या. लॅमिनेशन करायचे नाही. ते नंतर सोडवता येत नाही आणि कागद त्यातच मरतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा नाही. उडालेला रंग पोस्टर कलरने भरायचा नाही. ओल्या फडक्याने चित्र पुसायचे नाही. चित्र काचेला चिकटले असेल तर ओढायचे नाही. आपल्या हातून चुकीचा उपाय होण्यापेक्षा, जाणकार मिळेपर्यंत तसबीर कोरड्या जागी आडवी ठेवणे केव्हाही बरे.

पुराची आठवण तर आपल्याला करून द्यायला नको. २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी आधी माणसे, मग सारे काही. यात दुमत नाही. पण पावसाळ्यापूर्वी तळमजल्यावरच्या तसबिरी वर नेऊन ठेवणे एका दुपारचे काम आहे. तरीही भिजल्याच, तर उन्हात ठेवायच्या नाहीत, इस्त्री फिरवायची नाही. चौकटीतून सहज निघत असेल तर चित्र काढून पांढऱ्या कोऱ्या टिपकागदावर, पंख्याच्या हवेत, सावलीत आडवे वाळवायचे. काचेला चिकटले असेल तर चौकटीसकट, काच खाली ठेवून वाळू द्यायचे. ओल्या कागदावर दोनएक दिवसांत बुरशी धरते, म्हणून तज्ज्ञाला लगेच विचारायचे.

चौथे काम थोडे हिमतीचे आहे. घर विकताना, वाटण्या होताना, कुणी परगावी किंवा परदेशी जाताना तसबिरींचा विषय मुद्दाम काढू या. "ही कुणाला हवी आहे?" एवढे एक वाक्य पुरते. कुणालाच नको असेल, तर रद्दीवाल्याच्या आधी संग्रहालयाला, ग्रंथालयाला, विद्यापीठाला विचारू या. द्यायची नसेल, तर निदान तिची उत्तम प्रतिमा काढून घेऊ देऊ या. आणि न्यू जर्सीला किंवा लंडनला स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना सांगू या, की शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२च्या कायद्याने मनाई आहे. त्यांनी मूळ तसबीर इथेच सुरक्षित ठेवावी, सुंदर प्रत काढून सोबत न्यावी, आणि जपणुकीच्या खर्चात हात द्यावा. ते आनंदाने देतील, अशी माझी खात्री आहे.

आता चार घरांनी एकत्र येऊन करायचे काम. पुढच्या गणेशोत्सवात आपल्या एखाद्या मंडळाने सजावटीबरोबर तसबिरींचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरवावे. प्रत्येक घराने एक तसबीर आणावी, खाली घराण्याचे नाव आणि दोन ओळींची माहिती लावावी. संध्याकाळी हौशी गायकांनी शाकुंतल-सौभद्रातली पदे म्हणावीत. ज्या सुभद्रेचे पद कानांवर पडते आहे तीच समोर काचेमागे उभी आहे, हे आपल्या मुलांनी एकदा अनुभवले की त्यांना हा वारसा वेगळा शिकवावा लागणार नाही.

शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. सुट्टीचा प्रकल्प म्हणून मुलांना घरातल्या, शेजारच्या, आजोळच्या जुन्या तसबिरींची नोंद करायला सांगा. ललितकलेच्या आणि वस्तुसंग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. वर्षातून एखादा रविवार तुम्ही एका वस्तीत येऊन बसा, लोकांना तसबिरी दाखवायला आणू द्या, आणि काय जपावे, कसे जपावे ते समोर सांगा. तुम्ही जे शिकता त्याची गरज विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर आहे.

फ्रेमवाले, जुन्या बाजारातले व्यापारी, रद्दी गोळा करणारे भाऊ यांनाही या कामात घेऊ या. त्यांच्या हातांखालून रोज किती जुना कागद जातो याची आपल्याला कल्पनाही नाही. त्यांना चित्र ओळखायला शिकवले आणि योग्य मोल दिले, तर तेच आपले सर्वांत चांगले शोधक ठरतील. वाडा पाडणाऱ्या कंत्राटदारालाही आधी एक फोन करू या. माळा रिकामा करण्यापूर्वी तासभर थांबायला सांगितले, तर बहुतेक माणसे थांबतात.

हे सारे जमवायला मोठी समिती किंवा मोठा निधी उभा राहण्याची वाट पाहू नका. आपल्या गल्लीतल्या पाच घरांनी एक वही घालावी. तिच्यात चित्राचे नाव, माप, छापखाना, घर, आठवण आणि फोटो एवढे असले की पुरे. अशा दहा वह्या झाल्या की त्या एकत्र करून मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा वाङ्मय परिषदेत ठेवण्याची विनंती करता येईल. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात, बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरात, जिथे जिथे मराठी घरांच्या भिंतींवर ही पात्रे नांदली, तिथे हेच करता येईल. बडोद्याने वही सुरू केली की इतरांना नमुना मिळेल. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा आणि ग्रंथालयांच्या चळवळीचा नमुना देशासमोर ठेवणाऱ्या शहराला ही सवय जुनी आहे.

तेव्हा येत्या रविवारी दोन तास राखून ठेवा. शिडी लावा, माळा उघडा, आजीला जवळ बसवा आणि वहीचे पहिले पान लिहा. शेजारच्या घरालाही हाक मारा. भाऊराव कोल्हटकरांच्या गावात शकुंतला आणि सुभद्रा रद्दीत जाणार नाहीत, एवढे आपण सगळे मिळून नक्की ठरवू शकतो. चला, ठरवू या आणि कामाला लागू या.